कासवाचं नवीन पिल्लू फार घाबरतं, काहीच खात नाही. त्याला घरात रुळवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू आणून चार दिवस झाले, काचेच्या वाडग्यात ठेवलंय, जवळ गेलं की मान आत घेतं आणि दाण्यांना तोंड लावत नाही. पुढे असंही लिहिलंय की 'रोज थोडा वेळ हातात घेतलं तर माणसाळेल असं घरचे म्हणतात'. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

हातात घेऊ नका. घरचे काहीही म्हणू देत.

बाजारात जे हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू मिळतं ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे अंड्यातून बाहेर पडलं की बगळ्यापासून मोठ्या माशापर्यंत सगळे त्याला खायला टपलेले असतात. वरून येणारी मोठी सावली दिसली की लपायचं किंवा निपचित पडायचं, हे ते जन्मतःच शिकून येतं. तुमचा हात रोज वरूनच येतो. त्याने त्याला सवय नाही होत, धसका बसतो. आणि धसका घेतलेलं पिल्लू जेवत नाही, मग ते अमेरिकेतलं असो की कोथरूडमधलं.

आमची सुपारी (आमच्या कासवाचं नाव) अशीच आली. पुण्यात नवीन फ्लॅट घेतला, मार्गशीर्षात वास्तुशांत केली, आणि थोरले भावजी डोंबिवलीहून आले ते प्लॅस्टिकची पिशवी धरून. पिशवीत पाणी, पाण्यात दहाच्या नाण्याएवढं पिल्लू. सोबत गोल वाडगा, त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, आणि सुकवलेल्या कोळंबीची डबी. "उत्तरेला ठेवा, पैसा टिकतो," म्हणाले. आमच्या घरात उत्तर म्हणजे हॉलची खिडकी, म्हणजे घरातली सगळ्यात गार जागा. ठेवला वाडगा तिथे. पैशाचं माहीत नाही, पिल्लू मात्र दगडासारखं तळाशी बसलं.

नवरा कॉलेजात असताना मासे पाळायचा, त्यामुळे घरात काचेचा थर्मामीटर होता. सकाळी पाण्यात सोडून बघितला तर १७ अंश. पिल्लाला लागतं २६ ते २८. कासवाचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. पाणी गार असलं की पोटातलं पचनच मंदावतं, भूक लागायची कुठून? मी हे भावजींना फोनवर सांगितलं तर त्यांचं उत्तर तयार: "गावच्या विहिरीतली कासवं काय हीटर लावून बसतात का?"

या एका वाक्यावर आमच्याकडे बरंच महाभारत झालंय, म्हणून इथे नीट उत्तर देऊन ठेवते. विहिरीला जमिनीखालून झरे असतात, तिथलं पाणी हिवाळ्यात बाहेरच्या हवेइतकं गार होत नाही. विहिरीतलं कासव खोल जाऊ शकतं, वर येऊन उन्हात बसू शकतं, आपल्याला हवी ती ऊब शोधू शकतं. वाडग्यातल्या चार बोटं पाण्यात ते कुठे जाणार? शिवाय ती आपल्याकडची कासवं, मोठी, कधीची रुळलेली. जी पिल्लं जगली नाहीत ती काही विहिरीत मोजायला मिळत नाहीत.

भावजी संक्रांतीला परत आले. तोवर मी दोन फुटी टाकी आणून ठेवली होती. चार पाहुणे बसलेले, आणि यांनी सुपारीला बाहेर काढून टीपॉयवर उताणं ठेवलं. "बघा हं, आता कसं सरळ होतं." पिल्लू मान लांब करून, नाक काचेवर रेटून, पाय झाडत होतं. लोक हसत होते. मी उठले, पिल्लू उचललं आणि पाण्यात सोडलं. काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. भावजी तिळगूळ न घेताच गेले. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "थोरल्या माणसाच्या समोरून असं उचलून नेतात का?" नेतात. पुन्हा तसं झालं तर पुन्हा नेईन. उताणं झालेलं पिल्लू धडपडतं ते खेळ म्हणून नाही, जिवाच्या भीतीने.

तर मी काय केलं ते सांगते, तुमच्याही उपयोगाचं आहे. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद चिकटवला, म्हणजे येता-जाता माणसं दिसणं बंद. ५० वॅटचा हीटर, त्यावर जाळीचं कव्हर. एका कोपऱ्यात पाण्याबाहेर येणारी फळी आणि तिच्यावर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. फळीवर ३२-३३ अंश आले पाहिजेत. एलईडी लावाल तर उजेड पडेल, ऊब नाही. पाण्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या जुड्या आणि एक फुटकं मातीचं बोळकं आडवं, लपायला. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर पाळायचे मासे विकणाऱ्या दुकानातले क्लोरीन मारायचे थेंब घाला. आणि नंतर टाकीकडे बघायचं बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण घरातला प्रत्येक जण 'खाल्लं का, खाल्लं का' करत जाऊन डोकावायचा.

खायला काय? डबीतली सुकी कोळंबी म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांपुढे ठेवलेले वेफर्स. वास भारी, पोषण थोडं, मुख्य जेवण म्हणून निरुपयोगी. पिल्लाला ते अन्न आहे हेसुद्धा कळत नाही, कारण ते हलत नाही. या वयात त्यांचा कल मांसाहाराकडे असतो आणि नजर हालचालीवर. माझ्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या झाल्या होत्या. (महापालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा याच ताटलीवरून ओरडा बसतो, म्हणून मुद्दाम डास पैदा करू नका, झालेच असतील तर वापरा.) चहाच्या गाळणीने अळ्या उचलल्या, टाकीत सोडल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड गेले. संध्याकाळ होती, खिडकीच्या काचेत टाकी दिसत होती. मी काचेत बघत उभी.

आधी बोळक्यातून नाकपुड्या आल्या. मग मान, पण इतकी सावकाश की पुढे सरकतेय हे कळतच नव्हतं. एक अळी तिच्या समोरून वळवळत वर चालली होती. मान थांबली. डोळा अळीवर. आणि मग एकदम टप्. तोंड उघडलेलं दिसलंच नाही, फक्त अळी गायब आणि नाकाशी पाण्याचा हलका ढवळा. दुसरी अळी थोडी दूर होती, तर तिने पुढच्या पायांनी पाणी सारलं आणि स्वतःहून गेली तिच्याकडे. नवऱ्याने शेजारून "खाल्लं!" म्हणून आवाज काढला आणि बाईसाहेब परत बोळक्यात.

अळ्यांवरून दाण्यांवर यायला वेळ लागला. युक्ती साधी: पिल्लांसाठीचे बारीक दाणे अळ्यांबरोबरच टाकायचे, म्हणजे गडबडीत एखादा दाणा तोंडात जातो आणि चव कळते. कुंडीतल्या गांडुळाचे बारीक तुकडेही चालतात. गांडूळखताच्या पिंपातली लाल गांडुळं मात्र उग्र वासाचा द्रव सोडतात, बरीच कासवं ती थुंकून टाकतात. रोज एकदा, साधारण तिच्या डोक्याएवढं अन्न, आणि उरलेलं अर्ध्या तासात काढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं. आणि हे सगळं पाण्यातच. या कासवांना पाण्याबाहेर घास गिळता येत नाही, त्यामुळे टेबलावर ठेवून तोंडाशी दाणा धरणाऱ्यांनी कितीही धरावा. पोळी, भात, पाव, दूध, पनीर यांतलं काहीही नको. भावजींनी पोळीचा कुस्करा टाकायला सांगितलं होतं, "आमच्या तळ्यातली खातात". तळ्यातली कासवं खातात ती माणसं टाकतात म्हणून.

जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका. एवढ्याशा जबड्याला इजा व्हायला वेळ लागत नाही.

सोनार वापरतात तसला छोटा काटा ऑनलाइन मिळतो, आठवड्याला एकदा वजन करा. खातंय की नाही याचा खरा पुरावा तोच. (त्यासाठी उचलावं लागतं, मान्य. दोन बोटांत कवच बाजूंनी धरून, झटपट, पाहुणे नसताना.) वाढत्या वजनाचा कागद मी फॅमिली ग्रुपवर टाकायचे. भावजींनी कधी अंगठासुद्धा दिला नाही. आता सुपारी जेवणाच्या ताटाएवढी आहे, मी दारात दिसले की पाणी उडवत पुढे येते आणि माझ्या हातून खाते. एवढ्या काळात तिला कुणी लाडाने हातात घेऊन बसलेलं नाही. आणि भावजी सगळ्यांना सांगतात की उत्तर दिशेने काम केलं. टाकी आता पश्चिमेला आहे.

काही गोष्टी राहिल्या. उन्हाचं: काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून आलेलं ऊन हाडांच्या आणि कवचाच्या कामाचं नाही, त्यातले लागणारे किरण काचेतच अडकतात. एकतर यूव्हीबीची ट्यूब (हेच किरण देणारा दिवा) लावा, किंवा सकाळचं कोवळं ऊन थेट द्या, पसरट टबात, अर्धा भाग सावलीत ठेवून आणि स्वतः तिथे बसून. बाल्कनीत कावळे असतात, आणि छोट्या भांड्यातलं पाणी बघता बघता तापतं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन पाण्यात तरंगत ठेवा.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, एका अंगावर कलून पोहणं, सुजलेले मिटलेले डोळे, यांतलं काही दिसलं तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. कुत्र्या-मांजरांचे नव्हे, कासवं बघणारे. पाणी गरम करूनही आठवडा-दीड आठवडा खाल्लं नाही तरी तेच. नुसते चार दिवस उपाशी म्हणजे मात्र घाबरून जायचं कारण नाही.

हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. कासवांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे जुलाब-तापाचे जंतू, असू शकतात. अमेरिकेने १९७५ पासून ४ इंचांहून छोट्या कासवांची विक्री बंद केली ती याच कारणाने, लहान मुलं ती तोंडात घालायची. घरात रांगतं बाळ असेल तर मी पाळू नका असंच म्हणेन.

आणि हे आधी विचारायला हवं होतं: डोळ्यामागे लाल पट्टा आहे ना नक्की? नसेल, आणि कवचावर पिवळ्या चांदण्या असतील, तर ते आपलं चांदणी कासव. ते जमिनीवरचं आहे, पाण्यात बुडून मरेल, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे. आपल्या नदी-तळ्यांतली कासवं घरात ठेवणंही गुन्हाच समजा. वनविभागाला १९२६ वर फोन करून विचारा. लाल पट्ट्याचं असेल तर उलट काळजी: कंटाळा आला म्हणून तळ्यात, विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका, ते आपल्या कासवांच्या मुळावर उठतं. पंचवीस-तीस वर्षं जगतं आणि मादी फुटाच्या घरात जाते, हे दुकानदार सांगत नाही आणि भेट देणारेही सांगत नाहीत. वास्तुशांतीला द्यायला तांब्याचा कलश, देवळात असतं तसं दगडी कासव, काय वाटेल ते आहे बाजारात.

आज एवढंच करा: वाडगा खिडकीपाशी असेल तर हलवा, थर्मामीटर आणा, पहाटेचा आकडा बघा. तो आकडा आणि पिल्लाच्या डोक्याचा एका बाजूने काढलेला फोटो इथे टाका, मग हीटर किती वॅटचा घ्यायचा ते सांगते.