आधी अळी दाखव, आजारांची नावं नंतर

प्रिय दोस्ता,

पुढच्या आठवड्यात शाळेत डेंग्यू-मलेरियावर तास घ्यायचाय आणि स्लाइड्स तयार आहेत असं तू कळवलंस, वाचून बरं वाटलं. पण एक सांगू का, स्लाइड्स राहू देत, आधी एक काचेची बरणी शोध.

मी पहिल्यांदा असा तास घेतला तेव्हा डेंग्यू, मलेरिया, चिकुनगुनिया, हत्तीरोग सगळं फळ्यावर लिहिलं, मुलांनी घडाघडा पाठ केलं, मी एकदम खूश. आणि बाहेर आलो तर वर्गाच्या दाराशीच कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळत होत्या. मुलं रोज तिथूनच ये-जा करायची, पण याचाच पुढे डास होतो हे एकालाही माहीत नव्हतं, कारण मी त्यांना अळी कधी दाखवलीच नव्हती. अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून बरणीत अळ्यांचं थोडं पाणी घे, तोंडाला बारीक जाळीचं कापड घट्ट बांध आणि मुलांना नुसतं बघू दे. डेंग्यूच्या डासाची अळी श्वास घ्यायला पृष्ठभागाशी डोकं खाली करून लटकते, बरणीवर टिचकी मारली की सरसर तळाला जाते. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर, आडवी पडलेली असते. हा फरक मुलं एकदा बघितला की विसरत नाहीत, आणि मग रोनाल्ड रॉसची गोष्ट सांग, 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, म्हणूनच 20 ऑगस्टला जागतिक डास दिन असतो. तोपर्यंत मुलं स्वतःच डासांकडे टक लावून बघत असतात ना, त्यामुळे ही गोष्ट त्यांना आपली वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करू नकोस. पाणी ओतून टाका एवढंच सांगून थांबू नकोस. डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, अंडी घालतो ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवून, आणि ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात, पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणजे पिंप रिकामं केलं पण कडा घासल्या नाहीत तर अंडी तिथेच. मुलांच्या हातात घासणी दे आणि एक बादली प्रत्यक्ष घासून घे. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवायचा, कुठलाही, पण दर आठवड्याला तोच. टाकीवर चढणं, औषध टाकणं, फवारणी ही कामं मोठ्यांचीच, मुलांना तिथे अजिबात पाठवू नकोस.

वर्गात एखादं पोर डेंग्यूतून नुकतंच उठलेलं असेल किंवा एखाद्याच्या घरात कुणी गेलेलं असेल, हे मनात ठेवून बोल. घाण असते तिथे डेंग्यू होतो असं चुकूनही म्हणू नकोस, एडिसला साठवलेलं स्वच्छ पाणीही चालतं, आणि हे ऐकलं की त्या पोराची मान वर येते, मी बघितलंय.

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, म्हणजे मुलं शाळेत, मैदानात असतात तेव्हाच. पूर्ण बाह्यांचे कपडे त्यासाठी, हेही सांग. ताप आला तर घरी लगेच सांगायचं, मनाने गोळी घ्यायची नाही, डेंग्यूमध्ये अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

आणि हो, बरणीत स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले की दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस, ते एक-दोन दिवसांतच उडतात. मुलांच्या समोरच ते पाणी कोरड्या मातीवर ओत, गटारात नको, आणि मग बरणी आतून घासायला त्यांच्यातल्याच कुणाला तरी सांग.

तुझाच,
दादा