क्लच दाबला की घरघर येते, कसारा घाटात गाडी ओढत नाही. गिअरबॉक्स गेला का?

गिअरबॉक्सवर लगेच संशय नको. दाबल्यावर घरघर सुरू होते म्हणजे बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. दाबल्यावर थांबत असती, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग म्हटलं असतं.

घाटात इंजिन नुसतं ओरडतं, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय, ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट संपली. हे एकदाच करा, नाहीतर उरलीसुरलीही जळेल. आधी क्लचची केबल फार ताणलेली नाही ना, तेवढं बघा.

प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. मी बेअरिंगचे पैसे वाचवले आणि नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत सहा महिन्यांत पुन्हा तीच घरघर, मजुरी दुसऱ्यांदा.