वाचकांचे प्रश्न : माकडिणीची सूज काय सांगते?

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात चिंपांझीच्या मादीच्या पार्श्वभागावर मोठा गुलाबी फुगा दिसला. बघणारे गाठ म्हणत होते. हा आजार आहे का?

उत्तर : आजारही नाही आणि गाठही नाही. इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक (हार्मोन) वाढू लागले की जननांगाभोवतीच्या कातडीत पाणी धरले जाते आणि ती ताणून चकचकीत होते. चिंपांझीचे पाळीचे चक्र साधारण ३५ दिवसांचे. त्यातले दहा-बारा दिवस सूज पूर्ण भरलेली असते. बीज सुटून प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक चढले की ती झपाट्याने उतरते आणि सुरकुतलेली कातडी लोंबू लागते. ते पाहून तर लोक हमखास जखम समजतात. खरी जखमही होऊ शकते, कारण ताणलेली कातडी भांडणात लवकर ओरबाडते. रक्त दिसले तर राखणदाराला जरूर सांगा. अंगावर पाजणाऱ्या मादीचे चक्र काही वर्षे बंद असते, म्हणून कळपात एका वेळी मोजक्याच माद्या सुजलेल्या दिसतात.

प्रश्न : मी बबून या आफ्रिकी माकडांच्या निरीक्षणाची तयारी करते आहे. सूज पूर्ण भरली की त्याच दिवशी गर्भधारणा होते असे धरावे का? नोंदी कशा ठेवाव्यात?

उत्तर : नाही, आणि नेमकी इथेच नवखी माणसे फसतात. भरलेली सूज बरेच दिवस टिकते, बीज मात्र जेमतेम दिवसभर जगते. ते बहुधा त्या टप्प्याच्या शेवटी सुटते, पण शेवट आला हे सूज उतरल्यावरच कळते. त्यामुळे मोजणी उलटी करायची. रोज ठरावीक वेळी प्रत्येक मादी पाहा आणि सपाट, चढती, भरलेली, उतरती अशी श्रेणी लिहा. उतार पहिल्यांदा दिसेल तो दिवस शून्य धरा. त्याआधीचे पाच दिवस गर्भधारणेच्या सर्वाधिक शक्यतेचे.

तुलना शेजारच्या मादीशी करू नका. एकीची भरलेली सूज दुसरीच्या निम्मी असू शकते. त्याच मादीचे बसण्याचे घट्टे (बुडावरचे टणक कातडीचे पट्टे) माप म्हणून वापरा, ते चक्राबरोबर फुगत नाहीत. बसलेल्या किंवा वाकलेल्या मादीवरून श्रेणी देऊ नका, ती चार पायांवर उभी राहीपर्यंत थांबा. दोन निरीक्षक असतील तर सुरुवातीला दोघांनी एकमेकांची वही न पाहता नोंद करावी आणि मग ताडून पाहावी, नाहीतर महिनाभराने दोघांच्या ‘भरलेली’मध्ये तफावत निघते. मादी गाभण राहिली की पिवळ्या बबूनात घट्ट्यांलगतची काळपट कातडी हळूहळू गुलाबी, मग लालसर होते. गर्भकाळ सहा महिन्यांच्या आसपास असल्याने ही खूण बराच काळ पाहायला मिळते. चिंपांझीवर मात्र हा हिशेब डोळे झाकून लावू नका. त्यांच्या वयात येणाऱ्या माद्या सुजतात पण लगेच गाभण राहत नाहीत, आणि गाभण मादीलाही सूज येते. चिंपांझीच्या जवळच्या नात्यातल्या बोनोबोत तर सूज आणि बीज सुटणे यांचा मेळ आणखी सैल.

प्रश्न : मग एवढी ठळक खूण अशी मोघम का? नेमका दिवस कळू दिला तर काय बिघडते?

उत्तर : नेमका दिवस उघड झाला तर बलवान नर तेवढाच दिवस पहारा देईल आणि पिल्लाचा बाप एकटा तोच ठरेल. संशोधक चार्ल्स नन यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार सूज शक्यता दाखवते, तारीख नाही. ऐन भराच्या दिवसांत वरचढ नर मादीला चिकटून राहतो, आगेमागे इतरांनाही संधी मिळते. पिल्लू कदाचित आपले असेल असे जितक्या नरांना वाटेल, तितके ते सुरक्षित.

मोठी सूज म्हणजे सरस मादी, असा दावा २००१ मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या बबूनांवरून झाला आणि फार गाजला. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांवरील २०१५ च्या अभ्यासाने त्याला चांगलाच धक्का दिला. तिथले नर निव्वळ आकाराला भुलत नव्हते. बाळंतपणानंतर जिची जास्त चक्रे होऊन गेली, म्हणजे जी आता गाभण राहण्याची शक्यता अधिक, तिच्यामागे ते लागत. आम्हाला हे जास्त पटते.

प्रश्न : काळतोंड्या वानरांच्या मादीला सूज दिसतच नाही. नराला कसे समजते?

उत्तर : ती वागण्यातून सांगते : नराकडे पाठ, शेपटी खाली, आणि डोके थरथर हलवणे. संशोधक सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात माउंट अबूला या वानरांचा अभ्यास केला. बाहेरचा नर टोळी बळकावतो तेव्हा तो अंगावरची पिल्ले मारण्याचा धोका असतो. अशा वेळी गाभण माद्याही नव्या हुप्प्याला हेच इशारे करतात. बीज नसताना दिलेला हा इशारा पोटातल्या पिल्लाचा बचाव असावा, असे हर्डी यांचे म्हणणे.

प्रश्न : जेलाडा माकडाच्या मादीच्या छातीवर लाल कातडी का असते?

उत्तर : इथिओपियाच्या डोंगरांवरचा हा प्राणी गवत उपटत तासन् तास बसूनच पुढे सरकतो, पार्श्वभाग दिसणार कसा? म्हणून खूण छातीवर आली असे मानतात. केसविरहित पट्ट्याच्या कडेने मण्यांसारखे फोड असतात, ते चक्राबरोबर फुगतात. दुर्बिणीतून पाहताना रंगापेक्षा या मण्यांकडे लक्ष द्या.

प्रश्न : मादीने पाठ केली म्हणजे समागमाचे आमंत्रणच ना?

उत्तर : बबूनात बऱ्याचदा नाही. वरचढाला दबून केलेला तो नमस्कार असतो, मादी मादीलाही करते आणि लहान नरही करतात. वहीत ‘पाठ केली’ एवढेच लिहा, आणि कोणी कोणाला केली ते.