पुळणीवरची ई-सायकल: वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की किनाऱ्यावर सायकल नेण्याबद्दलची पत्रं वाढतात. त्यातली पाच या अंकात घेतली आहेत.

प्रश्न: वय 63, वजन 82 किलो, गुडघे कुरकुरतात. घर दापोलीत, फिरायला कर्द्याची पुळण. दुकानदार म्हणतो, 750 वॉटची चार इंची टायरची सायकल घ्या, वाळूत मोटरची ताकदच लागते. घ्यावी का?
— एक वाचक, दापोली

उत्तर: घेऊ नका. वाळूत सायकल अडते ती चाक रुततं म्हणून. रुतलेल्या चाकाला आणखी ताकद दिली की ते स्वतःसाठी खड्डा खणतं. चाक जवळजवळ थांबलेलं आणि थ्रॉटल पूर्ण दाबलेला, अशा वेळी बॅटरीतून येणाऱ्या करंटची नुसती उष्णता होते. चाकाच्या मधोमध बसणाऱ्या गिअरवाल्या हब मोटरच्या आत बहुधा नायलॉनचे दाते असतात, ते त्या उष्णतेनं मऊ पडून झिजतात. दुसरी गोष्ट कायद्याची. 250 वॉट आणि ताशी 25 किमीच्या आतली ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. त्यावर गेलात की नोंदणी, परवाना, विमा सगळं आलं. दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र मागून पाहा, उत्तर ऐकण्यासारखं असेल.

आता टायर. कर्द्याची ओली पुळण ओहोटीला घट्ट असते, तिच्यावर 2.8 ते 3 इंची टायर सुखानं चालतो. चार इंची टायर खरा उपयोगी पडतो तो वरच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात. तेवढा पट्टा सायकल हातात धरून पार करावा. बऱ्याच सायकलींत वजाचं बटण दाबून धरलं की मोटर चालण्याच्या वेगानं चाक ढकलते, ती सोय याचसाठी आहे. गुडघ्यांचाही विचार करा. चार इंची टायरच्या फ्रेममध्ये पायडलच्या आसाची नळी साधारण 100 मिमी रुंद असते, नेहमीच्या सायकलीत 68 ते 73. पाय तितके फाकतात, आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना ते तासाभरात जाणवतं. ही रुंदी नंतर बदलता येत नाही. फ्रेम आणि फोर्कमध्ये टायरसाठी असलेली जागाही बदलता येत नाही. म्हणून दुकानातच 3 इंची टायर बसवून पाहा. दोन्ही बाजूंना निदान 6 मिमी फट हवी, नाहीतर ओली वाळू तिथे थापली जाते आणि टायर घासतो.

मोटर मागच्या चाकात, 40 न्यूटन-मीटर किंवा जास्त टॉर्कची (म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराची), आणि सेन्सर टॉर्कचा. नुसता पायडल फिरतोय की नाही एवढंच पाहणारा स्वस्त सेन्सर वाळूत नको. तो क्षणभर उशिरा जागा होतो, मग एकदम ढकलतो, आणि पुढचं चाक आडवं होतं. टॉर्क सेन्सर पायाच्या जोराप्रमाणे हळूहळू साथ देतो. फ्रेम खाली वाकलेल्या दांड्याची घ्या, रुतल्यावर पाय पटकन टेकता येतो.

हवा हा निम्मा खेळ आहे. तुमच्या वजनाला 3 इंची टायरमध्ये डांबरी रस्त्यावर 20 ते 22 पीएसआय, ओल्या पुळणीवर 12 ते 14, पुढच्या चाकात त्याहून 2 कमी. पंक्चरवाल्याच्या पंपाचा काटा इतक्या खालच्या दाबाला भरवशाचा नसतो, 0 ते 30 पीएसआयचा छोटा गेज वेगळा घ्या. हवा कमी असताना एकदम जोर लावला की टायर रिमवर सरकतो, ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की थांबा, सगळी हवा सोडा, टायर मागे सरकवून व्हॉल्व्ह सरळ करा, मग हवा भरा.

तुमच्या बाबतीत खरी परीक्षा परतीची. दापोली समुद्रापासून सुमारे 240 मीटर उंच. तुम्ही आणि सायकल मिळून 110 किलो धरले, तर नुसतं तेवढं वर चढायला 72 वॉट-तास लागतात. मोटरमधली आणि रस्त्यावरची घट मिळवली तर शंभराच्या आसपास, आणि हे सगळं मोटरनं ओढलं तर. 36 व्होल्ट, 10.4 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 374 वॉट-तास. वाळूवर रस्त्याच्या दीडपट ते दुप्पट खर्च होतो, तेव्हा 40 टक्के उरले की सायकल घराकडे वळवा. चढाला लागण्याआधी चाकात पुन्हा 20 पीएसआय भरायला विसरू नका. मऊ चाकानं घाट चढणं म्हणजे बॅटरीवर दुहेरी भार.

प्रश्न: सायकल चांगली आहे, पण वाळूवर अर्ध्या तासात तळवे बधिर होतात, कंबर धरते. हँडल बदलून उपयोग होईल का?
— एक वाचक, नागाव, अलिबाग

उत्तर: होईल, पण आधी फुकटातले दोन उपाय करून पाहा. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा. आणि वाळूत हँडल आवळून धरू नका. पुढचं चाक थोडं वळवळणारच, त्याला वळवळू द्यावं आणि भार मागे सीटवर ठेवावा.

तरीही त्रास असेल तर मागे वळलेलं, उंच हँडल बसवा. स्टेमची (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याची) पकड 25.4 मिमीची आहे की 31.8 ची, ते आधी मोजा. बहुतेकांची फसगत वायरींत होते. हँडल वर आणि मागे आलं की ब्रेकच्या केबल आखूड पडतात, आणि ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारी वायरही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, कुठेही ताण यायला नको. ब्रेकची केबल सायकलवाला नवी घालेल. मोटर बंद करणाऱ्या वायरीला मात्र तितक्याच पिनांचा तयार जोड मागवा. ती कापून टेप गुंडाळलीत तर खारं पाणी आत शिरणार आणि काही महिन्यांत मोटर मधेच बंद पडू लागेल. ब्रेक तेलाचा असेल तर लांब नळी घालून आतली हवाही काढून घ्यावी लागते, ते काम घरी करू नये.

कमरेसाठी स्प्रिंगचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. व्यास फ्रेमप्रमाणे (27.2 मिमी बऱ्याचदा आढळतो) आणि स्प्रिंग तुमच्या वजनाची. या पोस्टला स्वतःची उंची लागते, त्यामुळे बुटक्या माणसाची सीट नको तितकी वर जाते. घेण्यापूर्वी फ्रेमच्या नळीपासून सीटपर्यंतचं अंतर मोजा.

प्रश्न: आम्ही दोघं शनिवार-रविवार दिवेआगरला जातो. एकदा पुळण रस्त्यासारखी लागते, पुढच्या खेपेला त्याच वेळी गेलो तर चालवायला जागाच नाही. असं का?
— एक वाचक दांपत्य, पुणे

उत्तर: घड्याळ पाहून जाता, तिथी पाहून जा. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थी म्हणजे 4 ची पाऊणपट 3, पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सव्वानऊ. पक्ष बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहावं.

ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, नंतर दीड तासात बाहेर या. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात लांब हटतं आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, सायकलला याहून चांगला मुहूर्त नाही. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. ओहोटी भर दुपारी बाराला, आणि उघडी पडणारी पुळणही अरुंद. जाताना ओलांडलेला ओहळ परतताना कितीला येईल याचा अंदाज त्याच वेळी घ्या. भरतीचं पाणी तिथून आधी आत शिरतं.

प्रश्न: वर्षभरातच चेन गंजली, ब्रेक किंचाळतात, सीटपोस्ट जाम. दर वेळी पाइपानं सायकल स्वच्छ धुतो, तरी असं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर: पाइपाचा जोर हेच कारण असू शकतं. तो खारी वाळू बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलतो. बादली आणि तांब्या घ्या, वरून गोडं पाणी सोडा, मऊ ब्रशनं चेन आणि रिम घासा, कापडानं पुसून सावलीत वाळवा. हे त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. त्याआधी बॅटरी काढून तिच्या खाचेवर कोरडं फडकं ठेवा.

चेनला घट्ट तेल लावलंत तर त्यात वाळू बसून पॉलिश पेपर तयार होतो. मेणाचं किंवा कोरडं वंगण प्रत्येक कडीवर एक थेंब टाका, दहा मिनिटांनी वरचं पुसा. ब्रेकच्या डिस्कवर तेलाचा शिंतोडाही नको. किंचाळणाऱ्या ब्रेकचे पॅड काढून बारीक सँडपेपरवर घासा, वाळूचे कण पृष्ठभागात रुतलेले असतील तर ते निघतात. अस्तर 1 मिमीच्या खाली आलं असेल तर बदला.

सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडी असेल, तर मिठाच्या पाण्यात लोखंडाला लागून असलेलं अॅल्युमिनियम गंजतं आणि पोस्ट चिकटतो. सांध्याला गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, मग पिळत काढा. सुटला की ग्रीस लावून बसवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा बाहेर काढा. वायरींच्या जोडांत विजेच्या जोडांसाठीचं सिलिकॉन ग्रीस भरा. पावसाळ्यात सायकल चार महिने उभी राहणार असेल तर बॅटरी 50 ते 60 टक्क्यांवर, घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा पाहा.

लाटांच्या पाण्यातून चाक नेणं मात्र बंदच करा. खोक्यावर लिहिलेली पाणीरोधक पत गोड्या पाण्यात तपासलेली असते.

प्रश्न: हीच सायकल वेळासला किंवा गोव्याला नेली तर चालेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: गोव्यात किनाऱ्यावर गाड्या चालवण्यास बंदी आहे आणि दंडही होतो. ई-सायकलला कोणी अडवेल का, हे त्या गावच्या पंचायतीत आधी विचारा. मोरजी, आगोंद, गालजीबाग हे कासवांचे किनारे आहेत, तिथे सायकल रस्त्यावरच लावा. वेळास-आंजर्ल्यालाही तेच. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं मेपर्यंत निघत राहतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात, आणि चाकाची खोल चाकोरी समुद्राकडे निघालेल्या पिल्लाला ओलांडवत नाही. अंधारात दिवा लावून तर मुळीच फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.