तोफा-क्षेपणास्त्रं सोडली तर युद्धनौकांमध्ये नेमकं काय बदललं? आणि मराठ्यांचं आरमार पुढे का टिकलं नाही?

प्रश्नातले ‘तोफा-क्षेपणास्त्रं सोडली तर’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. तोफा बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यालाच तर जहाज म्हणतात. मी भारतीय नौदलात लिअँडर वर्गाच्या फ्रिगेटवर (मध्यम आकाराची युद्धनौका) बॉयलर रूममध्ये, म्हणजे जहाज चालवणारी वाफ तयार होते तिथे होतो. सुटल्यावर बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढून सातपूर एमआयडीसीत बॉयलरच सांभाळला. आता नाशिकरोडला असतो. युद्धनौकांवर आपल्याकडे कोणीही बोलायला लागलं की तोफा किती, पल्ला किती, ॲडमिरल कोण, इथेच गाडी अडते. जहाज हललं कशाच्या जोरावर, हे कोणी विचारत नाही. माझं मत सरळ आहे. हात, वारा, वाफ, तेल या क्रमाने नौदलाचा इतिहास वाचा. तोफेचं नंतर बघू.

हे मत मला काही पुस्तकातून मिळालेलं नाही, घरच्या भांडणातून मिळालंय. नाशिक म्हणजे फौजी मुलूख. देवळालीला तोफखाना, ओझरला विमानं. नौदलात जाणारा पोरगा म्हणजे गावाला कोडंच. माझे थोरले मामा तोफखान्यात हवालदार होते, घर भगूरला. मी भरती झालो, चिल्काचं ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनचं शिक्षण, असं करत जहाजावर गेलो. पहिल्या रजेवर आलो तेव्हा मावसबहिणीची हळद होती. भर मांडवात कोणीतरी विचारलं, भाचा काय करतो हो? मामा म्हणाले, “बोटीवर भट्टी पेटवतो.” सगळे हसले. ते नाव मला आजोळी कायमचं चिकटलं. गोदाकाठच्या माणसाला समुद्राचं काय, हे दुसरं पालुपद. (ज्यांना तसंच वाटतं त्यांनी पांडवलेण्यात १० नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख बघावा. डहाणूपासून तापीपर्यंतच्या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचं जवळपास १९०० वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात कोरून ठेवलंय.)

पुढे आमच्या जहाजाचा फॅमिली डे आला. घरच्यांना जहाजावर घेऊन दिवसभर समुद्रात फिरवून आणतात. मामा-मामींना मी हट्टाने आदल्या दिवशी पंचवटीने मुंबईला आणलं. मामा जहाजावर चढले ते थेट पुढच्या तोफेपाशी. साडेचार इंची, दुहेरी नळ्यांची. ती बघून माणूस खुलला. टरेटभोवती (तोफेचा फिरता बुरूज) दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, “खालची जमीनच हलतेय, नेम धरता कसा?” प्रश्न एक नंबर होता. शिडांच्या काळात गोलंदाज जहाज कलण्याची वाट बघायचा आणि नेमक्या क्षणी बत्ती द्यायचा, म्हणून दूरवरचा नेम हा नशिबाचा भाग असायचा. १८९८ च्या सुमारास पर्सी स्कॉट नावाच्या ब्रिटिश कॅप्टनने ‘सिला’ या क्रूझरवर गोलंदाजांना तोफ सतत वर-खाली फिरवत नेम लक्ष्यावर धरून ठेवायची सवय लावली, आणि ७०-८० टक्के गोळे लागायला लागले. त्यानंतर जहाज हललं तरी दिशा धरून ठेवणारा जायरोस्कोप आला, मग रडार आणि गणक. हे सगळं मामांनी कान देऊन ऐकलं, कारण विषय तोफेचा होता.

मग मी त्यांना खाली नेलं. बंदरातून निघायच्या आधी परवानगी घेऊन, थोडा वेळ. आमच्या बॉयलर रूमला दोन दारांमधून जावं लागायचं. ब्लोअर आत हवा कोंबत असतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत शिरताच कान बंद होतात आणि फर्नेस ऑइलचा वास घशात बसतो. शिडीचा दांडा उघड्या हाताने धरवत नाही. मामांनी धरला आणि सोडला. मी त्यांना गेज ग्लास दाखवली, बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी दाखवणारी. वरून ब्रिजवरून वेग वाढवायचा हुकूम आला की इंजिन रूमवाले थ्रॉटल उघडतात, वाफेचा दाब घसरतो, आणि आम्ही भराभर तेल फवारणारे स्प्रेयर वाढवून आग मोठी करायची. त्याच वेळी पाणी गेज ग्लासमध्ये उसळतं. पातळी खाली गेली तर नळ्या जळणार. वर गेली तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये (वाफेच्या जोराने फिरणारं पात्यांचं इंजिन) जाऊन पाती तुटणार. एका हाताने आग आणि दुसऱ्या हाताने पाणी, आणि डोळे चिमणीतला धूर दाखवणाऱ्या आरशावर. काळा धूर निघाला म्हणजे हवा कमी पडते, पांढरा निघाला म्हणजे जास्त होते. लढाईत चिमणीवरचा काळा धूर म्हणजे शत्रूला कोसावरून पत्ता दिल्यासारखं.

वाफ चौरस इंचाला ५५० पौंड दाबाची. तिची गळती दिसत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. म्हणून झाडूचा दांडा पुढे फिरवत चालायचं. दांडा चिरला गेला की जागा सापडली. हे सांगितलं तेव्हा मामा एवढंच म्हणाले, “इथून बाहेरचं काहीच दिसत नाही?” नाही दिसत. “टॉर्पेडो आला तर?” तो लागल्यावरच कळतो. ९ डिसेंबर १९७१ ला आपली फ्रिगेट ‘खुकरी’ टॉर्पेडोने बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, यांचं नाव देशाला माहीत आहे, असायलाच हवं. डेकखाली ड्यूटीवर असलेल्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

वर आलो. वाऱ्यावर उभं राहून मामांनी घाम पुसला आणि म्हणाले, “गरमी लई आहे बाबा. पण लढते ती तोफच.” तेव्हा वरिष्ठ आजूबाजूला होते म्हणून गप्प बसलो. जे बोलायचं होतं ते आता तुम्हाला सांगतो, त्यातच तुमचं उत्तर आहे.

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सलामिसला ग्रीकांनी इराण्यांना हरवलं ते वल्ह्यांच्या जहाजांनी. अशा एका जहाजावर, म्हणजे ट्रायरीमवर, १७० वल्हेकरी. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं, म्हणून ते आरमार किनारा सोडून लांब राहूच शकत नव्हतं. १५७१ ची लेपांटोची लढाई ही वल्ह्यांच्या गलबतांची शेवटची मोठी. वल्हेकरी गेले आणि जहाजाच्या कुशी मोकळ्या झाल्या, म्हणून तिथे ओळीने तोफा बसवता आल्या. तोफांना जागा करून दिली ती शिडाने. १८०५ च्या ट्रफाल्गरमधली ‘व्हिक्टरी’, शंभरावर तोफांची, हे त्याच वाटेचं टोक.

मग वाफ. सुरुवातीची इंजिनं कोळसा एवढा खायची की १८६० साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या लोखंडी जहाजावर बॉयलरबरोबर पूर्ण शिडंही होती, आणि शिडावर जाताना पंखा अडसर होऊ नये म्हणून शेकडो माणसं तो ओढून वर उचलायची. शिडं काढून टाकायची हिंमत १८७१ च्या ‘डेव्हॅस्टेशन’ने दाखवली. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवात स्पिटहेडला सगळं ब्रिटिश आरमार रांगेत उभं असताना चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही टर्बाइनवर चालणारी छोटी बोट ३४ नॉटच्या (तासाला ३४ सागरी मैल) आसपास वेगाने त्या रांगांमधून पळाली आणि गस्तीच्या बोटींना सापडली नाही. १९०६ ची ‘ड्रेडनॉट’ सगळ्यांना माहीत आहे ती १२ इंची १० तोफांसाठी. पण टर्बाइन बसवलेली ती पहिली मोठी युद्धनौका, म्हणून २१ नॉटने तासन् तास पळू शकायची. जुन्या दट्ट्याच्या इंजिनांना तसं पळवलं की बेअरिंगं तापून जहाज अडायचं.

कोळशाची किंमत बघायची तर रशियाचं बाल्टिक आरमार बघा. ऑक्टोबर १९०४ मध्ये निघून सुमारे १८,००० सागरी मैल कापत ते मे १९०५ मध्ये जपानशी लढायला त्सुशिमाला पोहोचलं. वाटेतली बंदरं ब्रिटिशांची आणि ब्रिटिश जपानचे दोस्त. मग जर्मन जहाजांकडून भर समुद्रात कोळसा घ्यायचा, डेकवर, केबिनमध्ये, मिळेल तिथे भरायचा. जहाजं इतकी जड झाली की बाजूचं चिलखत पाण्याखाली गेलं. जपानी ॲडमिरल टोगोच्या तोफा चांगल्या होत्याच, पण ती लढाई रशियन निम्मी कोळशाच्या ढिगात हरले होते. पुढे ब्रिटिशांनी मोठी जहाजं तेलावर नेली आणि १९१४ मध्ये सरकारने इराणच्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त भाग विकत घेतला. तेल समुद्रातच नळीने भरता येतं, भट्टीशी फावडं मारणारी शेकडो माणसं वाचतात. इराण-इराकच्या राजकारणाचं मूळ शोधायचं असेल तर ते असं बॉयलरपर्यंत येतं.

मामा दरवेळी १९७१ चा कराचीवरचा आपल्या नौदलाचा हल्ला पुढे करतात. क्षेपणास्त्रांनी काम केलं म्हणे. केलंच. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’ या क्षेपणास्त्र बोटींनी पाकिस्तानची ‘खैबर’ ही युद्धनौका बुडवली. पण त्या बोटी मुळात किनारा राखायला बनवलेल्या, रशियातून कलकत्त्याला उतरल्या आणि तिथून मुंबईपर्यंत दोराने ओढत आणल्या. आत ४२ सिलिंडरची डिझेल इंजिनं, एका बोटीत तीन. वेग भन्नाट, पल्ला तोकडा. म्हणून सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या मोठ्या युद्धनौका होत्या, आणि तेल घेऊन ‘पोषक’ हा टँकर. आपल्याकडे टँकरचं नाव कोणी घेत नाही.

मराठ्यांच्या आरमाराबद्दल. गुराबांवरच्या (शिडांची मोठी लढाऊ जहाजं) मुख्य तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, समोर रोखलेल्या. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागेवर खिळायचं. तेव्हा आपली वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणायची, जिथे त्याच्या कुशीतल्या तोफा फिरत नाहीत. कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं त्यात वल्ह्यांचा वाटा फार मोठा. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग म्हटलं आणि त्यासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नका असं बजावलं. इतकी समज असताना हे टिकलं का नाही, तर ते आपणच जाळू दिलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला वॉटसन आणि क्लाइव्हच्या इंग्रज आरमाराने तुळाजी आंग्र्यांची जहाजं खाक केली, तेव्हा नानासाहेब पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभी होती. आज आपण ज्या त्र्यंबकेश्वराच्या देवळात हात जोडतो ते याच नानासाहेबांनी बांधायला घेतलेलं. देवळाबद्दल आदर पूर्ण, आरमाराबद्दल मी त्यांना माफ करत नाही. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरं. त्यांना वठणीवर आणायला परक्याचं आरमार बोलावणं ही घोडचूकच. घोड्यावर बसलेल्या माणसाला समुद्र ही फक्त सरहद्द वाटते, हा माझा जुना राग आहे आणि मामांशी भांडणही तेच. त्यानंतर मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने आपल्याच सागवानातून इंग्रजांना जहाजं बांधून दिली. त्यातली १८१७ ची ‘त्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. इंग्रजांच्या ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने टिकतात.

अभ्यास करायचाच असेल तर कुठल्याही लढाईचं वर्णन वाचताना आधी वहीत लिहा: इंधन कुठलं, कुठे भरलं, किती दिवस पुरलं. मग तोफा मोजा. मुलाला नौदलात पाठवणार असाल आणि कोणी इंजिन शाखा हलकी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आता दुसरी बाजूही नोंदवतो. शस्त्राने बदल घडवलाच नाही असं माझं म्हणणं नाही. १८५३ मध्ये सिनोपला रशियनांच्या फुटणाऱ्या गोळ्यांनी तुर्कांची लाकडी जहाजं जाळली, तेव्हाच सगळ्यांना लोखंडी चिलखत घाईने हवंसं झालं, आणि ते वजन ओढायला मोठी इंजिनं लागली. शिवाय मी वाफेचा माणूस आहे. आज फ्रिगेटवर गॅस टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं, आम्हाला थंड बॉयलरवर वाफ धरायला तास न् तास लागायचे, तेव्हा माझा कल धरून वाचा. मात्र ‘अरिहंत’सारख्या अणुपाणबुडीतही अणुऊर्जेने पाणी तापवून वाफच करतात आणि ती टर्बाइन फिरवते. मामांना हे मागच्या दिवाळीत सांगितलं, ते म्हणाले, पण आत क्षेपणास्त्रं आहेत ना.

विमानवाहू जहाजांबद्दल तुम्ही विचारलं नाही आणि मीही सोडलं. त्यासाठी वेगळा प्रश्न टाका. जुन्या ‘विक्रांत’वर विमान फेकणारी कॅटपल्ट कशावर चालायची, तिथून सुरुवात करीन. बॉयलरच्या वाफेवर.