शब्बाथ पाळावा की घ्यावा?

एका वाचकाने विचारले आहे की, ‘या रविवारी मी स्वतःसाठी शब्बाथ घेतला’ असे हल्ली ख्रिस्ती तरुण म्हणतात, ते मराठी म्हणून बरोबर आहे काय, आणि शब्बाथ म्हणजे नेमके काय. हे वाक्य मीही वरचेवर ऐकतो आणि दर वेळी माझ्या तोंडून उसासा निघतो. (हा उसासा लक्षात ठेवावा, पुढे तो कामास येणार आहे.)

शब्बाथ हा यहुद्यांचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, आणि बहुसंख्य ख्रिस्ती लोक त्याऐवजी रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून पाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. रविवारी न्यायालये आणि शहरातील धंदे बंद ठेवण्याचा हुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने सन ३२१ मध्ये काढला आणि शेतकऱ्यांना त्यातून मोकळीक दिली. तो इतिहास येथे उगाळत नाही.

शब्बाथ म्हणजे ‘विश्रांती’ असे आपण सरसकट सांगतो, तेथेच खरी गफलत आहे. ज्या ‘शाबत’ या हिब्रू क्रियापदापासून तो आला, त्याचा मूळ अर्थ थांबणे, बंद पडणे असा आहे, आणि त्यात थकव्याचा लवलेश नाही. इस्राएल लोकांनी कनान देशाचे धान्य खाल्ल्यावर मान्ना, म्हणजे रानात देवाने त्यांच्यासाठी पाडलेले अन्न, पडणे बंद झाले, तेथे यहोशवाच्या पुस्तकात हेच क्रियापद आहे, आणि मान्ना काही दमला नव्हता. जलप्रलयानंतर दिवस व रात्र खंडणार नाहीत असे वचन देवाने दिले, तेथेही तेच आहे. आपल्याकडे मजूर ‘खाडा पडला’ म्हणतो, त्यातला कोरडेपणा या शब्दात आहे. विसाव्याची ऊब त्यात नंतर आली.

चौथ्या शतकाच्या आरंभीचा लॅक्टँशियस हा लॅटिन भाषेचा मोठा शैलीकार. पण शब्बाथ हे नाव ‘सात’ या हिब्रू संख्येवरून पडले असे त्याने बेधडक लिहून ठेवले आणि आजही व्याख्यानांतून ते ऐकू येते. हिब्रूतील सातचा शब्द ‘शेवा’ हा ‘अयिन’ या कंठ्य अक्षराने संपतो आणि शब्बाथ ‘तव’ने, ती दोन अक्षरे एक मानण्यासाठी हिब्रू न येण्याचे धाडसच लागते. त्याच्याहून आधीच्या अपियन नावाच्या व्याकरणकाराने तर या शब्दाचा संबंध जांघेतल्या रोगाशी लावला होता आणि जोसिफस या यहुदी इतिहासकाराने त्याची यथेच्छ हजेरी घेतली, हे वाचून मला अजूनही बरे वाटते.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. बायबलातील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात देव सातव्या दिवशी थांबला एवढेच सांगून लेखक थांबत नाही. तो ‘वय्यिन्नाफश’ असे आणखी एक क्रियापद जोडतो. ते ‘नेफेश’ म्हणजे श्वास, जीव या शब्दापासून आलेले आहे आणि हिब्रू शास्त्रात अवघे तीनदा आढळते: एकदा दासीपुत्राविषयी व परक्याविषयी, एकदा पळून थकलेल्या दावीद राजाविषयी आणि एकदा प्रत्यक्ष देवाविषयी. दासीच्या मुलाने घ्यायचा दम आणि विश्वनिर्मात्याने घेतलेला दम यांना एकच शब्द असावा, यापेक्षा अधिक काय हवे? आणि याला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे: उसंत. ‘विसावा’ हा ‘विश्राम’वरून आला, जसे ‘ग्राम’वरून गाव आणि ‘नाम’वरून नाव; म्हणजे त्याच्या पोटात श्रम आहे. पण ‘उसासा’ जसा ‘उच्छ्वास’वरून, तशीच ‘उसंत’ही त्याच ‘श्वस्’ धातूवरून, असे माझे मत आहे, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांनी दम लागेपर्यंत धावून मग ‘उसंत’ हा शब्द उच्चारून पाहावा.

कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, लोकांना शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हटले, यातही माझ्या म्हणण्याला बळकटी मिळते. इतर तेल्यांप्रमाणे तेही घाणा चालवीत; शेजाऱ्यांना त्यांचे धर्मशास्त्र दिसले नाही, शनिवारी थांबलेला घाणा मात्र दिसला, आणि त्यावरूनच अख्ख्या समाजाला नाव पडले. त्या शेजाऱ्यांइतके नेमके भाषांतर कोणा पंडिताला साधलेले नाही.

मूळ प्रश्न राहिलाच. ‘घेणे’ चूक आहे. बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाच्या आज्ञेत ‘शामर’ म्हणजे राखणे हे क्रियापद आहे, आणि आपले ‘पाळणे’ त्याला अगदी चपखल बसते. सुट्टी मालक देतो म्हणून आपण घेतो, उसंतही घेतो. शब्बाथ मात्र पाळतात. स्वतःसाठी काढलेल्या मोकळ्या दुपारी ज्यांना काही घ्यायचेच असेल, त्यांनी उसंत घ्यावी. तो शब्द मराठी आहे आणि देवालाही वापरून झालेला आहे.