रोज ठाणे-ऐरोली ट्रेन, दिवसभर एसी आणि स्क्रीन, नंबर -५ आणि थोडा सिलिंड्रिकल, कोणत्या कॉन्टॅक्ट लेन्स घेऊ?

नंबर -५ आणि थोडा सिलिंड्रिकल (तिरपा नंबर) लिहिलायत, म्हणजे बहुधा साध्या नाही, टोरिक (सिलिंड्रिकल नंबरसाठीच्या) लेन्स लागतील, नाहीतर अक्षरं अंधुक दिसू शकतात. आणि चष्म्याचा नंबर तसाच्या तसा ऑर्डर करू नका हं, लेन्स डोळ्यालाच चिकटून बसते म्हणून -५ चा साधारण -४.७५ होतो, शिवाय बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) पण ठरवावा लागतो, तेव्हा आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिटिंग कराच.

आठवड्यातून दोन-तीनदाच घालणार असाल तर सरळ डेली घ्या, रात्री फेकून द्यायच्या, धुणं-ठेवणं काही नाही. रोज घालणार असाल तर मंथली स्वस्त पडतात, पण महिना पाकीट उघडल्यापासून मोजायचा, किती दिवस घातल्या त्यावर नाही. मटेरियल सिलिकॉन हायड्रोजेल बघा, ऑक्सिजन जास्त जातो. एसीत डोळे कोरडे पडतातच, मुद्दाम पापण्या मिटत राहा, ड्रॉप्स लेन्सवर चालणारेच घ्या.

एक मात्र कळकळीने सांगते, नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावू नका, त्यातल्या अकँथामिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने बुबुळाला भयंकर इन्फेक्शन होऊ शकतं. पावसात स्टेशनवरून भिजत आलात तरी आधी हात धुऊन कोरडे करा आणि मगच लेन्स काढा. घालून झोपायचं नाही, ट्रेनमधली डुलकीसुद्धा टाळा. डोळा लाल झाला, दुखला की लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.